साखळी योजनांची पारख आणि धाराशिवचा अनुभव

साखळी विक्रीच्या धंद्याची नावे वरचेवर बदलतात. कधी ती चेन मार्केटिंग असते, कधी एमएलएम, कधी डायरेक्ट सेलिंग. रचना मात्र ठरलेली: माल घेणाऱ्याने तो विकायचा, आणखी विकणारे जोडायचे आणि जोडलेल्यांच्या उलाढालीतून वरच्याला कमिशन मिळायचे. हा धंदा कायदेशीर असू शकतो आणि शुद्ध फसवणूकही असू शकते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सभागृह तेच, कोटातला वक्ता तोच, पडद्यावरची गाडी आणि बंगलाही तोच. म्हणून सामील होण्याआधी कंपनी कशी पारखायची हा प्रश्न जितका व्यवहाराचा आहे तितकाच इतिहासाचा. पारखण्याचे आजचे जवळजवळ सगळे निकष कुठल्या ना कुठल्या बुडालेल्या योजनेतून आले आहेत आणि त्यातल्या काही योजनांची झळ धाराशिव जिल्ह्यालाही लागली आहे.

सरकारी दप्तरात २०२३ पर्यंत उस्मानाबाद असलेल्या या जिल्ह्यात ओळखीवर चालणारा पैशाचा व्यवहार नवा नाही. भिशी घरोघरी माहीत आहे. दहा-वीस जणींनी दरमहा ठरलेली रक्कम जमा करायची, चिठ्ठी काढायची आणि ज्या नावाची चिठ्ठी निघेल तिने त्या महिन्याचा गल्ला उचलायचा. भिशीत पैसा वाढत नाही, फक्त वेळेआधी हातात येतो. शेवटी उचलणारीलाही तिने घातले तेवढेच मिळते आणि हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. नवीन माणूस जोडला नाही म्हणून भिशी अडत नाही. हा बारकावा पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

दुसरी रीत शेळी अर्धलीने देण्याची. उस्मानाबादी शेळी ही या भागाने देशाला दिलेली जात आहे. बहुधा काळ्या रंगाची, कोरडवाहू रानात तग धरणारी, एका वेताला अनेकदा जुळी करडे देणारी. ज्याच्याकडे पैसा आहे पण चारायला माणूस नाही, तो शेळी विकत घेऊन दुसऱ्याला सांभाळायला देतो. करडे झाली की निम्मी याची, निम्मी त्याची. करारपत्र नसते, तरी व्यवहार सहसा टिकतो, कारण शेळी कोणाच्या दावणीला आहे, ती गाभण आहे की नाही, करडू कशाने मेले हे सगळे गावाच्या डोळ्यांसमोर घडते. मालकाला वाटले तर तो संध्याकाळी जाऊन पाहून येतो. पुढे शेळीच्याच नावावर पैसा गोळा करणारी कंपनी आली, तेव्हा नेमकी ही पाहून येण्याची सोय नाहीशी झाली.

तिसरा धागा एजंटाचा. पतसंस्थेचा पिग्मी गोळा करणारा, विम्याचा एजंट, टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीचा हप्ता नेणारी बाई ही माणसे दुकानदाराच्या आणि गृहिणीच्या रोजच्या ओळखीची. बँकेची शाखा लांब असलेल्या गावात बचत म्हणजे हा दारात येणारा माणूसच. लोक संस्थेपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवत. साखळी योजनांना गावात शिरायला ही आयती वाट मिळाली.

कायद्याने या प्रकाराकडे प्रथम गंभीरपणे पाहिले ते १९७० च्या दशकात. तेव्हा देशभर बक्षीस योजनांचे पेव फुटले होते. सभासदाने दरमहा हप्ता भरायचा, महिन्याला सोडत निघायची, ज्याचे नाव लागेल त्याला बक्षीस मिळून त्याचे पुढचे हप्ते माफ व्हायचे. बाकीच्यांना मुदतीअखेर मुद्दल परत, बहुधा व्याजाशिवाय आणि वर काही कापून. मधल्या काळात सगळ्यांचा पैसा चालक वापरत. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाने १९७५ मध्ये अहवाल देऊन अशा योजनांवर बंदीची शिफारस केली आणि डिसेंबर १९७८ मध्ये संसदेने ‘प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अ‍ॅक्ट’ मंजूर केला. त्यातली पैसा फिरवण्याच्या योजनेची व्याख्या आजही पारखण्याचे मूळ हत्यार आहे. झटपट किंवा सहज पैसा मिळवून देण्याची, अथवा सभासद भरतीशी संबंधित घटनेवर पैसे देण्याचे वचन देऊन त्या बदल्यात पैसा वा वस्तू घेण्याची योजना, मग तिला नाव काहीही असो, या व्याख्येत बसते. ‘नाव काहीही असो’ या शब्दांमागे कायदा करणाऱ्यांची दूरदृष्टी आहे. नावे बदलणार हे त्यांनी ओळखले होते.

व्याख्येला मर्यादाही होती. कोलकात्याच्या ‘संचयिता’ या संस्थेने ४८ टक्क्यांपर्यंत परतावा देत ठेवी घेतल्या होत्या, पण १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार या कायद्याखाली येत नाही असा निर्णय दिला. नुसता अवास्तव परतावा पुरेसा नव्हता, त्याची सांगड भरतीशी दिसायला हवी होती. ही फट बुजवायला पुढे दुसरे कायदे करावे लागले.

त्याच सुमारास अमेरिकेत हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सुटत होता. तिथे १९४५ पासून न्यूट्रिलाइट नावाच्या पोषक गोळ्या अशा टप्प्याटप्प्याच्या कमिशनवर विकल्या जात. त्याच विक्रीत तयार झालेल्या जे व्हॅन अँडेल आणि रिच डेव्हॉस या दोघांनी १९५९ मध्ये मिशिगन राज्यात अ‍ॅमवे सुरू केली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर खटला चालवला आणि १९७९ मध्ये निकाल दिला की ही पिरॅमिड योजना नाही. कारणे पाहण्यासारखी आहेत. विक्रेत्याला घेतलेल्या मालापैकी किमान ७० टक्के माल विकावा लागे, दरमहा दहा किरकोळ गिऱ्हाईक दाखवावे लागत आणि पडून राहिलेला माल परत घेण्याची तजवीज होती. म्हणजे कमिशनचा पैसा बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून येतो की नव्या सभासदाच्या, यावर निकाल ठरला. भारताने पाचच महिन्यांपूर्वी बंदीचा कायदा केला होता. दोन देशांची भाषा वेगळी, पण बोट ठेवलेली जागा एकच.

१९९८ मध्ये अ‍ॅमवेने भारतात विक्री सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत देशी कंपन्यांची रांग लागली. महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यात ‘जॉइनिंग’, ‘आयडी’, ‘अपलाइन’, ‘डाउनलाइन’ हे शब्द रुळले. दोन बाजूंच्या योजनेत डावीकडे एक आणि उजवीकडे एक सभासद लावायचा, दोन्हीकडचे आकडे जुळले की ‘पेअर मॅच’ होऊन धनादेश मिळायचा. कंपनी काय विकते हे यात हळूहळू दुय्यम होत गेले. सुटाचे कापड, सोन्याचे नाणे, चुंबकाची गादी, संगणकाचा कोर्स, काहीही चाले, कारण माणूस ते वापरायला घेतच नव्हता. आयडी चालू करायला घेत होता. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये अ‍ॅमवेच्या योजनेलाही १९७८ चा कायदा प्रथमदर्शनी लागू होतो असे म्हटले. सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) एप्रिल २०२२ मध्ये याच कंपनीची ७५७ कोटी रुपयांहून अधिक मालमत्ता पिरॅमिड पद्धतीच्या आरोपाखाली तात्पुरती जप्त केली. कंपनी मोठी, जुनी आणि जगभर पसरलेली आहे एवढ्यावर प्रश्न मिटत नाही, हे यातून दिसते.

सेमिनारमधला गणिताचा फळा इथे उलटा करून पाहिला पाहिजे. ‘तुम्ही फक्त सहा जण आणा, ते प्रत्येकी सहा आणतील,’ असे सांगितले जाते. सहाचे छत्तीस, छत्तीसचे दोनशे सोळा, आणि पुढे आकडा सुसाट पळतो. आठव्या पायरीवर १६,७९,६१६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत धाराशिव जिल्ह्याची एकूण लोकसंख्या १६,५७,५७६ होती. पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना सभासद केले तरी आठवी पायरी भरत नाही. आणि शेवटच्या पायरीवरच्यांना खाली कोणी मिळत नाही. सहाच्या साखळीत ही शेवटची पायरी एकूण सभासदांच्या ८३ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे नियम तंतोतंत पाळले गेले, कोणी कोणाला फसवले नाही, सगळे राबले, तरी शंभरातल्या ऐंशीहून अधिकांना भरतीतून दमडीही मिळणार नाही. हा दोष कोणाच्या आळसाचा नाही. तो रचनेतच आहे. ‘त्याने मेहनत घेतली नाही’ असे ज्याला सांगितले जाते, त्याच्यावर हा सरळ अन्याय आहे.

धाराशिवच्या दृष्टीने सर्वांत बोलके प्रकरण पुण्याच्या ‘समृद्ध जीवन’ समूहाचे. ही कंपनी शेळ्या आणि म्हशींच्या नावाने पैसा घेई. गुंतवणूकदाराने एकरकमी किंवा हप्त्याने पैसे भरायचे, कंपनी त्या पैशातून जनावर घेऊन आपल्या फार्मवर सांभाळणार आणि काही वर्षांच्या मुदतीनंतर वाढलेली किंमत देणार, असा करार असे. गावोगाव एजंटांची उतरंड होती आणि जमा केलेल्या रकमेवर वरपर्यंत कमिशन जाई. शेळीची वाढ, तिची वेते, तिचा बाजार हे सारे ज्या जिल्ह्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत, तिथे ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. अर्धलीचाच हा मोठा, छापील पावतीचा अवतार वाटला असणार. फरक एकच होता. आपली शेळी कोणती आणि ती कुठे बांधली आहे, हे पैसे भरणाऱ्याला जाऊन पाहता येत नव्हते.

भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने २०१३ मध्ये या योजनेला विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून नवे पैसे घेण्यास मनाई केली. सेबीची कसोटी १९९९ पासून कायद्यातच आहे: अनेकांचा पैसा एकत्र केला जातो का, तो नफ्याच्या अपेक्षेने दिला जातो का, मालमत्ता दुसराच कोणी सांभाळतो का आणि रोजच्या कारभारावर पैसे देणाऱ्याचा काही ताबा आहे का. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ आणि चौथ्याचे ‘नाही’ आले, की सेबीची नोंदणी लागते. ही कसोटी १९९० च्या दशकातल्या सागवान लागवडीच्या कंपन्या बुडाल्यावर आली होती. मनाईनंतरही समूहाचे नाव वृत्तवाहिन्यांवर आणि कार्यक्रमांच्या फलकांवर दिसत राहिले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये समूहाच्या प्रमुखाला पुण्यातून अटक झाली, ती उस्मानाबाद पोलिसांनी केली, उमरगा तालुक्यातल्या मुरूम पोलिस ठाण्यात नोंदलेल्या फसवणुकीच्या गुन्ह्यात. अनेक राज्यांत पसरलेल्या समूहाला एका तालुक्यातल्या लहान ठाण्याच्या तक्रारीने गाठले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे तपास केंद्रीय यंत्रणांकडे गेला.

याच दशकात इतर नावेही मराठवाड्यात फिरत होती. शेतजमिनीच्या नावाने पैसा घेणाऱ्या ‘पर्ल्स’ म्हणजे पीएसीएलला सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे ५.८५ कोटी गुंतवणूकदारांचे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला, आणि परतफेडीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली. वसई-विरारकडची मैत्रेय आणि नाशिकची केबीसी यांनीही एजंटांच्या साखळीनेच पैसा गोळा केला होता. इस्लामपूरच्या महारयत अ‍ॅग्रोने कडकनाथ कोंबड्यांच्या नावावर मांडलेला तोच खेळ २०१९ मध्ये उघड झाला. दर वेळी जनावर, जमीन किंवा वस्तू बदलली.

हा पैसा कोरडवाहू जिल्ह्यातून का निघाला, याचे उत्तर भोळेपणात शोधणे चुकीचे ठरेल. नीती आयोगाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातले जे चार आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोलीबरोबर उस्मानाबाद होता. पाऊस बेभरवशाचा, २०१२ पासूनची वारंवारच्या दुष्काळाची वर्षे, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या हातात उचलीच्या रूपाने एकदम येणारी रक्कम आणि अडचणीत सापडलेली जिल्हा मध्यवर्ती बँक. ज्या संस्थेत पैसा ठेवायचा तीच आपला पैसा वेळेवर देईना, तेव्हा ओळखीच्या एजंटाने आणलेली पावती तिच्याहून वाईट वाटली नाही.

तरीही दोन्हींत एक मोठा भेद होता आणि तो २०२१ मध्ये जिल्ह्याने प्रत्यक्ष पाहिला. उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केला. बँक बुडाली, पण ठेवींना विमा होता. २०२० मध्ये या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली होती, त्यामुळे ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदार आपली पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र असल्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. साखळी योजनेच्या पावतीमागे असा विमा कधीही नसतो. वसुली व्हायची ती जप्त मालमत्तेच्या लिलावातून, आणि त्याला वर्षे लागतात.

त्या वसुलीसाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, तोच एमपीआयडी. त्यात संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटण्याची तरतूद आहे. केंद्राने २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा केला, ज्यात अशा ठेवी घेणाऱ्याला दोन ते सात वर्षांची आणि ठेव कपटाने बुडवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम आले. त्यांनी पिरॅमिड योजना आणि पैसा फिरवण्याची योजना चालवण्यास मनाई केली, सभासद होण्यासाठी प्रवेश शुल्क घेण्यास मनाई केली, कंपनीचे देशात प्रत्यक्ष कार्यालय आणि तक्रार निवारण अधिकारी असणे सक्तीचे केले. तक्रारीची पोच ४८ कामकाजाच्या तासांत द्यावी लागते. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या दारात जायचे नाही, असाही नियम आहे.

या सगळ्या इतिहासातून आज सामील होऊ पाहणाऱ्याच्या हातात काय येते? सर्वांत आधी मालाचा प्रश्न. कंपनीचा साबण, तेल किंवा प्रथिनांची भुकटी असेल, तर त्याच दर्जाची तशीच वस्तू धाराशिवच्या किंवा कळंबच्या दुकानात कितीला मिळते हे पाहायचे, आणि कमिशन नसते तर ती वस्तू त्याच किमतीला आपण पुन्हा घेतली असती का हे स्वतःला विचारायचे. उत्तर नाही असेल तर मालाच्या किमतीत प्रवेश शुल्क लपवले आहे. २०२१ च्या नियमांनंतर ते उघड घेता येत नाही, म्हणून ‘स्टार्टर किट’ आणि ‘पहिली खरेदी’ यांच्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. मग आणणाऱ्याला थेट विचारायचे: गेल्या महिन्यात साखळीत नसलेल्या किती गिऱ्हाइकांना माल विकला, त्यातून किती सुटले आणि माणसे जोडल्याबद्दल किती मिळाले? १९७९ च्या निकालातला हाच प्रश्न आहे. उत्तर न देता जो गाडीचा फोटो दाखवतो, त्याचे उत्तर मिळाले असे समजावे.

कागदपत्रांबाबत गावात सर्वांत जास्त फसगत होते. कंपनी निबंधकाकडची नोंदणी, पॅन, जीएसटी क्रमांक किंवा आयएसओ प्रमाणपत्र दाखवून ‘सरकारमान्य’ म्हटले जाते. नोंदणी म्हणजे कंपनीचा जन्मदाखला. तिला ठेवी घेण्याची किंवा गुंतवणूक गोळा करण्याची परवानगी आहे, असा तिचा अर्थ होत नाही. ती परवानगी प्रकारानुसार रिझर्व्ह बँक किंवा सेबी देते आणि दोघांच्याही याद्या उघड आहेत. ठेवी घेण्याचा अधिकार कोणाला आहे हे पाहण्यासाठी आणि तक्रार नोंदवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ‘सचेत’ हे संकेतस्थळ सुरू केले. बहुराज्य सहकारी संस्थेचे नाव दिसले तरी सावध राहायला हवे, कारण सहकारी संस्थेतील ठेव म्हणजे बँकेतील विमाधारक ठेव नव्हे. शेजारच्या बीडमधील ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांनी तो फरक अलीकडेच सोसला.

करार मराठीत मागावा, न विकलेला माल परत घेण्याची मुदत आणि कापल्या जाणाऱ्या रकमेची अट लेखी घ्यावी, पैसे रोख देऊ नयेत आणि पावती एजंटाची नव्हे, कंपनीची असावी. आणि जिथे जनावर, जमीन किंवा झाड यांच्या नावाने पैसा घेतला जातो, तिथे अर्धलीच्या व्यवहारातला जुना प्रश्न विचारावा: ते कुठे आहे आणि मला आज जाऊन पाहता येईल का? योजना कोण घेऊन आला, तो भाऊ, मेहुणा की शाळेतला गुरुजी, याने यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. तोही बहुधा कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवूनच आलेला असतो.

फसवणुकीची शंका आल्यास जिल्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार करता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सामील होणाऱ्याने आणखी एक तरतूद आधीच वाचलेली बरी. १९७८ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने मनाई केली आहे ती केवळ योजना चालवणाऱ्याला नाही. अशा योजनेचा सभासद होणे, तिच्यात भाग घेणे आणि तिच्यासाठी पैसे घेणे किंवा पाठवणे यालाही तीच मनाई आहे, आणि तिच्या भंगाला चौथ्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंतची कैद आहे.